संध्याकाळची गोळी

नाशिकजवळ मखमलाबादच्या कालव्याखाली विधाते कुटुंबाचं फुलांचं रान होतं. फार मोठं नव्हतं, पण पाणी बारमाही आणि जमीन कसदार. नव्वद साली प्रतिभा वणीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन या घरात आली, तेव्हा तिला फुलांतलं फारसं काही कळत नव्हतं. माहेरी टोमॅटो आणि मेथी-कोथिंबीर. पण चार-पाच वर्षांत ती अशी तरबेज झाली की सराफ बाजाराशेजारच्या फूल बाजारात व्यापारी तिच्याशी जपून बोलत. कळी किती उमलली की तोडायची, शेवंती कुठल्या दिवशी धरून ठेवायची आणि कुठल्या दिवशी सोडून द्यायची, हे ती सासूकडून शिकली आणि पुढे सासूलाच सांगू लागली. सासू नवसाबाई बोलायला फटकळ, पण मनात अढी ठेवणारी नव्हती. "माझ्यापेक्षा हिचं डोकं चालतं, चालू द्या," असं म्हणून ती माळा ओवायला बसायची.

नवरा रंगनाथ टेम्पो चालवायचा. आठवड्यातून दोन-तीनदा घरची आणि शेजाऱ्यांची फुलं घेऊन दादरला जायचा. माणूस हसरा, हाताचा मोकळा. मुलगी वेदिका बापाची वाट बघत ओट्यावर बसायची आणि तो आला की आधी त्याचे खिसे तपासायची.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात रंगनाथला ताप धरला. टायफॉईडचं औषध झालं, काविळीचं झालं, वणीच्या देवीला नवस बोलून झाला. अंगावरचं मांस उतरतच चाललं. शेवटी शहरातल्या एका खाजगी डॉक्टरांनी रक्ताची वेगळी तपासणी करायला लावली. रिपोर्ट आल्यावर त्यांनी दोघांना समोर बसवून एचआयव्ही हा शब्द उच्चारला. मग म्हणाले, "वहिनींचीही तपासणी करावी लागेल. आणि मुलीची."

वेदिकाचा रिपोर्ट चांगला आला. प्रतिभाचा नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. स्वयंपाक करायची, ताट वाढायची, रानात जायची. तो बोलायला आला की उठून दुसरीकडे जायची. एकदा त्यानं तिला गुलाबाच्या वाफ्यात गाठलं.

"दादरला मुक्काम पडायचा," तो खाली बघत म्हणाला. "माझ्याकडून चुकलं. खोटं सांगत नाय तुला."

प्रतिभानं कात्री खाली ठेवली. "पोरीचं चांगलं आलं, तेवढ्यावर मी तुमच्याशी बोलतेय," ती म्हणाली. "बाकीचं मला आत्ता विचारू नका."

ती बोलली, एवढंच त्याला पुष्कळ झालं.

त्या काळी या आजाराला काही औषध असतं, हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी रंगनाथला एक गोळी लिहून दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. परदेशात आता दोन-तीन औषधं एकत्र देऊ लागलेत, ते म्हणाले, पण इथे ती मिळणंही कठीण आणि परवडणंही कठीण. निदान ही एक तरी सुरू करू. ती एकसुद्धा महाग होती. टेम्पो विकला तेव्हा ती घरात आली. प्रतिभाला मात्र डॉक्टरांनी काहीच दिलं नाही. तिची तब्येत उत्तम होती. "तुम्हाला एवढ्यात गरज नाही," ते म्हणाले.

गोळी लागू पडली. दोन-तीन महिन्यांत रंगनाथच्या गालावर तेज आलं, भाकरी गोड लागू लागली, तो पुन्हा रानात वाफे बांधायला लागला. एका संध्याकाळी नवसाबाई देवापाशी दिवा लावत होती आणि प्रतिभा चुलीपुढे बसली होती. रंगनाथनं येऊन तिच्या तळहातावर गोळी ठेवली.

"हे काय?"

"ही तुझी. सकाळची माझी, संध्याकाळची तुझी."

"मला गरज नाय म्हणाले ना डॉक्टर."

"आज नाय म्हणाले. उद्याचं कुणी बघितलंय? मी राहिलो न राहिलो, वेदिकाला तू पाहिजे. दोघांत वाटून घेऊ."

प्रतिभानं मूठ मिटली. या माणसानं तिला साड्या आणल्या होत्या, दादरहून एकदा मनगटी घड्याळ आणलं होतं. पण स्वतःच्या जिवातला वाटा असा काढून कधी दिला नव्हता. तिनं गोळी पाण्याबरोबर गिळली आणि त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी ती त्याच्या शेजारी जेवायला बसली.

वर्षभर असं चाललं. मधूनच मुंबईहून माल यायचा नाही, मग दोघंही गोळीवाचून राहायचे. पुढे रंगनाथचं अंग पुन्हा उतरायला लागलं. गोळी तीच होती. पण जिनं त्याला अंथरुणातून उठवलं होतं, ती आता पाण्यासारखी पोटात जात होती. त्यात टीबी झाला. नव्याण्णवच्या थंडीत तो गेला. त्याच्याबरोबर ती गोळीही घरातून गेली.

गावात कुजबुज झाली. बाजारात एका हारवाल्यानं नवसाबाईला ऐकवलं की विधात्यांच्या फुलांचा हार देवाला चालणार नाही. प्रतिभा तिथेच उभी होती. तिनं टोपलीतला सगळ्यात चांगला गुलाब काढून त्याच्या गादीवर ठेवला. "दादा, रोग असला तर माझ्या रक्तात आहे, फुलात नाही. न्यायचं तर न्या, नाहीतर पलीकडे देते," ती म्हणाली. त्यानं गुलाब बाजूला सारला. पलीकडच्यानं टोपली उतरवून घेतली आणि आठवडाभरात हाही पुन्हा यायला लागला, कारण त्या मोसमात तसा गुलाब दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

पुढची सहा वर्षं तिला काही झालं नाही. दोन हजार पाचच्या पावसाळ्याच्या शेवटी मात्र पाठीवर नागीण उठली. ती बरी व्हायला दोन महिने लागले आणि बरी होताना तिचं निम्मं बळ घेऊन गेली. फुलांची टोपली डोक्यावर घेताना पाय लटपटायला लागले. तोपर्यंत सरकारी औषधं फुकट मिळायला लागल्याची बातमी आली होती. शहरातल्या एका सरकारी दवाखान्यात त्याचं केंद्र उघडलं, तेव्हा पहिल्याच काही पेशंटमध्ये प्रतिभा होती. तपासणीत तिच्या रक्तातल्या सीडीफोर पेशी दोनशेच्या पुष्कळ खाली आल्या होत्या. रोगाशी लढणाऱ्या या पेशी आहेत आणि विषाणू नेमका त्यांनाच खातो, हे तिला तिथे पहिल्यांदा नीट कळलं.

केंद्रातले डॉक्टर थेटे मोजकं बोलणारे होते. समजावून सांगायचं काम भाग्यश्रीकडे होतं. ही समुपदेशक, तिशीच्या आतली, कॉलेजात समाजकार्य शिकून आलेली. तिनं प्रतिभाला गोळी दाखवली. एकाच गोळीत तीन औषधं होती.

"ताई, सकाळी आणि संध्याकाळी, रोज त्याच वेळेला. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. एकही चुकवायची नाही. चुकवली की विषाणूला गोळीची सवय होते."

प्रतिभानं आकाशवाणीच्या बातम्यांशी गोळीची सांगड घातली. सकाळच्या बातम्यांना एक, संध्याकाळच्या बातम्यांना एक. रेडिओ लावायचं काम नवसाबाईनं घेतलं. बातम्या लागल्या आणि सून रानात असली की म्हातारी बांधावर येऊन उभी राहायची. हाक मारायची नाही, नुसती तांब्या घेऊन उभी. लग्नकार्याला गेली तरी प्रतिभाच्या कमरेच्या पिशवीत डबी असायची.

सहा महिन्यांत ती पुन्हा उभी राहिली. पेशी वाढल्या, वजन वाढलं. तिनं कालव्याकडच्या तुकड्यात निशिगंध लावला.

दवाखान्याच्या बाकावर तिची एक मैत्रीण झाली. नांदगावच्या विमलाबाई. वयानं थोर, नऊवारी, पानाचा तोबरा. त्यांचा नवरा या आजारानं केव्हाच वारला होता, प्रतिभाच्या लग्नाच्या आसपासच. त्या स्वतः तेव्हापासून बाधित होत्या. पण इतक्या वर्षांत एक गोळी घेतलेली नाही, आणि पेशी मात्र कुणाही निरोग्याइतक्या. दर सहा महिन्यांनी त्या तपासणीला यायच्या आणि तक्रार करायच्या.

"सगळ्यांना गोळ्या. मलाच नाय. मी काय पाप केलं, डॉक्टर?"

डॉक्टर थेटे हसायचे. "मावशी, तुमच्या शरीरानं स्वतःच त्याला धरून ठेवलंय. शंभरांत एखाद्याला असं जमतं. काहींच्या अंगात जन्मतःच तशी ताकद असते. कशामुळे, ते पूर्णपणे आम्हालाही माहीत नाही. जोवर धरून आहे तोवर आपण फक्त लक्ष ठेवायचं."

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर प्रतिभाच्या पेशी पुन्हा उतरल्या. डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करायला लावली. आणखी उतरल्या. तोंडात पांढरे चट्टे आले, गिळताना दुखायला लागलं. भाग्यश्रीनं तिला आपल्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"ताई, रागवायचं नाही. पण गोळ्या चुकल्यात का? मोसमात कामाची घाई असते, मला कळतं."

"नाही चुकल्या."

"एखाद-दुसरी तरी? खरं सांगितलं तरच आम्हाला मदत करता येईल."

प्रतिभाला पहिल्यांदा वाटलं, उठून जावं. मग ती खुर्चीत नीट सावरून बसली. "मॅडम, तुम्ही सांगितलं तसं मी केलंय. माझ्या सासूला विचारा. ती खोटं बोलायची नाही, आणि मी सांगितलं तरी बोलायची नाही. गोळी चुकली नाही, तरी पेशी कमी झाल्यात. मग कारण दुसरं काहीतरी असेल. ते तुम्ही शोधा."

रोज भाग्यश्रीपुढे माणसं शपथा घेऊन खोटं बोलत होती. या बाईनं शपथ घेतली नाही, हेच तिच्या मनात राहिलं. ती उठली आणि प्रतिभाला घेऊन थेट डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"सर, ताईंच्या गोळ्या चुकलेल्या नाहीत. मला त्यांचं पटतंय."

डॉक्टर थेट्यांनी कागद बाजूला सारले. मग विचारलं, "प्रतिभाताई, इथे यायच्या आधी कधी या आजाराची गोळी घेतली होती का? अगदी थोडे दिवस सुद्धा?"

हा प्रश्न नोंदणीच्या दिवशीही झाला होता. तेव्हा तिनं नाही म्हटलं होतं, आणि ते तिला खरंच वाटत होतं. ती गोळी तिच्या नावाची नव्हतीच. ती रंगनाथची होती.

"मला कुणी दिली नव्हती," ती सावकाश म्हणाली. "मालकांना दिली होती, अठ्ठ्याण्णव साली. त्यातली संध्याकाळची ते मला द्यायचे."

"किती दिवस?"

"वर्षभर. मिळाली तेव्हा."

डॉक्टरांनी त्या गोळीचा रंग विचारला, नाव विचारलं. नाव तिला आठवत होतं. ते ऐकून त्यांनी मान हलवली आणि खुर्ची पुढे ओढली. एरवी मोजकं बोलणारा माणूस त्या दिवशी बराच वेळ बोलला.

"हा विषाणू रोज आपल्या कोट्यवधी नकला काढतो. घाईत काढतो, त्यामुळे नकलेत चुका होतात. बहुतेक चुका त्याच्याच मुळावर येतात. पण एखादी चूक अशी निघते की गोळी त्या नकलेला लागूच पडत नाही. अंगात एकच औषध असलं की बाकीचे मरतात आणि या एकाला सगळं रान मोकळं मिळतं. मग त्याचीच पिलावळ वाढते."

प्रतिभाला गुलाबावर पडणारी लाल कोळी ही कीड आठवली. एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं, त्यातही कमी पडलं म्हणून पाणी जास्त घालून मारलं, तर पुढच्या वर्षी त्याच औषधात कोळी खुशाल जाळी विणत बसतो. तिनं ते सांगितलं.

"बरोबर. तसंच," डॉक्टर म्हणाले. "म्हणून आता आम्ही तीन औषधं एकदम देतो. एकाच नकलेत तिन्हींना चुकवणाऱ्या चुका एकाच वेळी होणं फार अवघड. पण तुमच्या अंगात त्या जुन्या गोळीला सरावलेला विषाणू पेशींच्या आत दडून बसला होता. सहा-सात वर्षं. आपण तीन औषधं सुरू केली, त्यातलं एक त्या जुन्या गोळीचंच भावंड होतं. ते त्याच्यावर चाललंच नाही. तिघांचं काम दोघांवर पडलं. दोघांनी वर्ष-दीड वर्ष रेटलं, मग त्यांनाही तो सरावला."

प्रतिभानं पदर सारखा केला. "म्हणजे त्यांनी जीव लावून दिलं, तेच मला भोवलं."

"त्यांनाही भोवलं. पण ताई, त्यांनी दोन्ही गोळ्या स्वतः घेतल्या असत्या तरी एकट्या औषधावर फार काळ निघाला नसता. थोडे महिने, फार तर. तेव्हा आम्हा डॉक्टरांकडेही एवढंच होतं."

घरी आल्यावर तिनं नवसाबाईला सगळं सांगितलं. गोळी वाटून घेतल्याचं म्हातारीला माहीत नव्हतं. तिनं ओवत असलेली माळ मांडीवर ठेवली.

"लेकानं माझ्या एक शहाणपणाचं काम केलं," ती म्हणाली, "ते बी उलटं पडलं."

"उलटं पडलं, पण केलं ना, आई," प्रतिभा म्हणाली. "तेव्हा कुणालाच कळत नव्हतं. आता कळलंय, तर आता बघू."

रंगनाथवर रागवायची तिची वेळ केव्हाच होऊन गेली होती. ती पुन्हा रागावली नाही. उलट तिला एक प्रकारचं बळ आलं. तिनं काही चुकवलं नव्हतं, हे आता दवाखान्यालाही कळलं होतं, आणि शत्रू कुठल्या वाटेनं आत शिरला तेही कळलं होतं.

पण पुढची औषधं नाशिकला नव्हती. दुसऱ्या फळीची म्हणून जी औषधं होती, ती सरकार अजून कुणालाच देत नव्हतं, आणि विकत घेणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. डॉक्टर म्हणाले, मुंबईत सुरू होणार असं ऐकतोय, तोवर याच गोळ्या चालू ठेवा. पूर्ण नाही तरी थोडा लगाम राहील. तो हिवाळा वाईट गेला. प्रतिभा भात गिळू शकत नव्हती. नवसाबाई तिला नाचणीची पातळ आंबील करून द्यायची. दहावी जवळ आलेली वेदिका शाळेतून येऊन फुलं तोडायची. तरी दर पंधरवड्याला प्रतिभा दवाखान्यात जाऊन उभी राहायची. "मुंबईचं काय झालं?" हा एकच प्रश्न. भाग्यश्री फोन करायची, पत्रं पाठवायची, पुन्हा फोन करायची.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात बोलावणं आलं. भाग्यश्री स्वतः सुट्टी काढून तिच्याबरोबर मुंबईला गेली. मोठ्या सरकारी दवाखान्यात रक्तातल्या विषाणूंची थेट मोजणी झाली, नाशिकला तेव्हा ती होत नव्हती. आकडा लाखांत आला. डॉक्टरांच्या समितीनं तिची सगळी हकीकत ऐकली, सत्त्याण्णवपासूनची. एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ही औषधं आता आमच्याकडची शेवटची आहेत. याच्यापुढे सध्या तरी काही नाही. जमेल?"

"मला आधीचीही जमली होती, मॅडम," प्रतिभा म्हणाली. "औषधालाच नाही जमलं."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी सही केली.

नव्या गोळ्या आकारानं मोठ्या होत्या, घशातून उतरता उतरत नसत. पहिले काही आठवडे पोट सारखं बिघडायचं. मळमळ व्हायची, फुलांचा वास नकोसा वाटायचा. पण ही औषधं विषाणूला वेगळ्याच जागी पकडत होती. आधीची औषधं त्याला नक्कल काढतानाच अडवायची. या नव्यातलं मुख्य औषध नक्कल तयार झाल्यावर तिची जुळणीच होऊ देत नसे. जुन्या चुका तिथे त्याच्या फारशा कामाला येत नव्हत्या. पावसाळा संपेपर्यंत तोंडातले चट्टे गेले. नवरात्रात तिनं पोळी-भाजी खाल्ली. पुढच्या मोजणीत रक्तात विषाणू सापडण्याइतका उरला नव्हता. भाग्यश्रीनं फोनवर तो निकाल दोनदा वाचून दाखवला.

"संपला का तो?" नवसाबाईनं विचारलं.

"संपला नाय, आई. दडून बसलाय. आपण बसू द्यायचं, उठू नाय द्यायचं."

दोन हजार नऊमध्ये केंद्रात पेशंटना आधार द्यायला त्यांच्यातलंच कुणीतरी नेमायचं ठरलं. भाग्यश्रीनं प्रतिभाचं नाव पुढे केलं. सकाळी बाजार उरकून ती दवाखान्यात यायची. नव्या माणसांना ती आपल्या नावागावासकट सगळं सांगायची. नवरा-बायको दोघं आले की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: घरात अजून कुणाला गोळी देता का? पुष्कळदा नवरा-बायको एकमेकांकडे बघायचे, आणि मग प्रतिभा त्यांना समोर बसवून आपल्या वाटून घेतलेल्या गोळीची हकीकत सांगायची.

त्याच वर्षी पुंजाचं प्रकरण झालं. पुंजा तिच्याच माहेरकडचा, वणीचा. टोमॅटोची शेती, बायको साळूबाई. त्याच्या गोळ्या नीट चालू होत्या, तब्येत सुधारली होती. दवाखान्याच्या बाकावर त्याची विमलाबाईंशी गाठ पडली आणि ही बाई वीस वर्षं गोळीशिवाय ठणठणीत आहे हे त्यानं ऐकलं. पुढच्या महिन्यात तो आलाच नाही. साळूबाई एकटी आली आणि रडायला लागली. त्यानं गोळ्या सोडल्या होत्या. विमलाबाई कडुलिंबाचा रस पितात असं कुणाकडून तरी ऐकून तो आता रोज तो रस पीत होता.

प्रतिभानं विमलाबाईंना निरोप धाडला. त्या नांदगावहून एसटीनं आल्या, आणि दोघी मिळून वणीला पुंजाच्या घरी गेल्या. तो ओसरीवर बसला होता, आधीच थोडा उतरलेला.

"माझ्यावानी करतोस व्हय?" विमलाबाईंनी बसायच्या आधीच विचारलं.

"तुम्ही बऱ्या राहिल्या ना, मावशी. मंग मी का नाय?"

"मी कडुलिंबाचा रस पीत नाय. मी पान खाते, तंबाखू घालून. ते बी करशील का? अरे, माझ्या अंगात काय हाय ते डॉक्टरला ठावं नाय, मला ठावं नाय. देवानं एखाद्याला उंच केलं, एखाद्याला बुटकं. माझं माझ्या अंगाचं हाय. तुला ते मागून मिळायचं नाय."

प्रतिभा त्याच्या समोर बसली. "पुंजादादा, तुमच्या गोळ्या अजून चालतात. माझ्या पहिल्या वाया गेल्या, मग मुंबईपर्यंत जावं लागलं, आणि आता मला पुढे दुसरं औषध नाही. तुमच्या हातात अजून पहिलंच आहे. ते कशाला घालवता? दोन महिने सोडलं तेवढं पुष्कळ झालं."

पुंजानं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. मग साळूबाईकडे बघून म्हणाला, "डबी कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी तो केंद्रात आला. डॉक्टर थेटे त्याला बरंच बोलले. अशा मधल्या खंडातच विषाणू गोळीला सरावतो, हे त्यांनी त्याला दोनदा सांगितलं. पण त्याचं नशीब चांगलं होतं. त्याच गोळ्या पुन्हा लागू पडल्या.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी विमलाबाईंना आत बोलावून घेतलं आणि प्रतिभालाही थांबायला सांगितलं. विमलाबाईंच्या पेशी उतरायला लागल्या होत्या. एकदम नाही, पण तीन तपासण्यांत सारख्या खाली. त्यांचं शरीर इतकी वर्षं जे धरून होतं, ते आता हळूहळू सुटत होतं.

"आता मला बी गोळ्या?" विमलाबाई म्हणाल्या. इतकी वर्षं मागत होत्या, पण आता त्यांचा चेहरा पडला.

"आता तुम्हालाही," डॉक्टर म्हणाले. "आणि तुमचं चांगलं आहे, मावशी. तुमच्या विषाणूनं अजून एकही औषध पाहिलेलं नाही. पहिलंच औषध व्यवस्थित घेतलं तर वर्षानुवर्षं चालेल."

बाहेर बाकावर बसून विमलाबाईंनी प्रतिभाचा हात धरला. "मला नाय जमायचं गं. मी निरक्षर बाई. घड्याळ बी कळत नाय."

"घड्याळ लागत नाही. घरी रेडिओ आहे ना?"

"नातवाचा टीव्ही हाय."

"मग त्यावर तुमची रोजची मालिका कुठली?"

विमलाबाईंनी मालिकेचं नाव सांगितलं. आणि सकाळी? सकाळी त्या गाईची धार काढतात. रोज, न चुकता, उजाडायच्या बेताला. प्रतिभा म्हणाली, मग ठरलं, धार काढून झाली की एक, मालिका लागली की एक. बरोबर आलेल्या नातवाला जवळ बोलावून तिनं त्यालाही हे समजावलं.

पहिली गोळी त्यांनी तिथेच घेतली. भाग्यश्रीनं पाण्याचा पेला आणला. विमलाबाईंनी तोंडातलं पान थुंकलं, चूळ भरली आणि गोळी एका घोटात गिळली. मग थोडा वेळ काही होतंय का याची वाट बघत बसून राहिल्या.

"काय वाटतंय, मावशी?"

"काय नाय," त्या म्हणाल्या. "च्या मिळंल का कुठं?"

प्रतिभा त्यांना घेऊन दवाखान्यासमोरच्या टपरीवर गेली.